तारण कर्माने की कृपेने? एका दफनविधीनंतर पडलेला प्रश्न

गोदाकाठ:

नमस्कार. मी वारकरी घरातला असून ख्रिस्ती धर्माचे माझे वाचन अगदी तुटपुंजे आहे, तेव्हा प्रश्नात काही चुकीचे आले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ख्रिस्ती परिचारिका राहत असत. सगळे गाव त्यांना नुसते 'सिस्टर' म्हणे. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही रात्री-अपरात्री कोणी दार वाजवले तर त्या पिशवी घेऊन निघत. माझी आई शेवटची काही वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिची सेवा मी आणि माझी पत्नी करत होतो, पण तिच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा आमचा धीर सुटला. सिस्टर रोज सकाळी सातला येत, कोमट पाण्याने जखमा पुसत, औषध लावत, आईला अलगद कुशीवर वळवत आणि चहाचा कप घेऊन निघून जात. एका पैशालाही त्या कधी शिवल्या नाहीत.

गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या भगिनीने सेवा केली म्हणून तिचे तारण झाले, असे समजू नका, तिचे तारण झाले होते म्हणून तिने सेवा केली." मी मूठमाती देण्यासाठी रांगेत उभा होतो. हातात ओली माती तशीच राहिली आणि मनात हे वाक्य रुतून बसले. खरे सांगायचे तर मला ते त्या माउलीवर अन्याय करणारे वाटले. इतक्या वर्षांचे कष्ट हिशेबातच धरायचे नाहीत, हे कसे?

दुसरे असे की, देव प्रीती आहे असे बायबल सांगते, आणि विश्वास ठेवणाऱ्याचेच तारण होते असेही सांगते. मग ही प्रीती निरपेक्ष म्हणायची की अटीवरची? आणि ज्याने येशूचे नाव ऐकले नाही, किंवा ऐकूनही जो माझ्यासारखा आपल्या विठोबापाशीच राहिला, त्याच्या वाट्याला ही प्रीती येते की नाही? मला वाद घालायचा नाही. समजून घ्यायचे आहे.

नगरी शिक्षक:

नमस्कार दादा. मी नगरकडचा, प्रोटेस्टंट मंडळीतला आहे आणि बरीच वर्षे संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतो. सिस्टरांबद्दल वाचून मन भरून आले. पाळकसाहेबांच्या वाक्यात त्यांच्या सेवेला कमी लेखण्याचा हेतू नसणार, हे आधी सांगतो. ते वाक्य क्रमाविषयी आहे, आणि आमच्या श्रद्धेत या क्रमाला फार महत्त्व आहे.

'तारण' या शब्दापासूनच सुरुवात करू या. पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असे लिहिलेले आपण पाहतो. तिथे तारण म्हणजे आपण आधी काहीतरी ठेवायचे आणि त्याच्या जोरावर मागायचे. मराठी बायबलमधला, उद्धार या अर्थाचा तारण हा शब्द अक्षरांनी तोच असला तरी व्यवहार अगदी उलटा आहे. इथे ठेवायला आपल्याजवळ काही नाही, आणि जे मिळते ते ठेवीच्या बदल्यात मिळत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे. ते देवाचे दान आहे आणि कर्माने मिळालेले नाही, यासाठी की कोणी बढाई मारू नये. ही आठवी आणि नववी वचने आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात. मात्र लगेच पुढचे दहावे वचन आम्हीच पुष्कळदा गाळतो, आणि त्यात म्हटले आहे की आपण सत्कृत्ये करण्यासाठीच घडवले गेलो आहोत. म्हणजे सत्कृत्यांना त्यांची जागा आहे, पण ती मुळाशी नाही, फळात आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला जक्कयाच्या गोष्टीत दिसते. यरीहो शहरातला हा जकातदारांचा मुखिया लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला होता. अंगाने ठेंगणा असल्यामुळे येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि सांगितले की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. आधी लुबाडलेले परत कर, मग येतो, असे येशू म्हणाला नाही. तो पाहुणा म्हणून गेला, आणि त्यानंतर जक्कय स्वतःच उठून म्हणाला की मी माझे अर्धे धन गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. हाक आधी, चौपट नंतर. पाळकसाहेबांनी सिस्टरांविषयी हेच सांगितले असावे. त्यांच्या मनात आपण देवाला प्रिय आहोत याची खात्री आधीच होती, म्हणून तुमच्या आईच्या उशाशी बसताना त्यांना पुण्य मोजावे लागले नाही आणि चहापलीकडे काही घ्यावेसेही वाटले नाही.

आता अटीविषयी. विश्वास ही प्रीतीची किंमत असती तर तुमची शंका बिनतोड ठरली असती. पण विश्वास म्हणजे दिलेले घेण्यासाठी पुढे केलेला हात होय. पौल रोमकरांस लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. योहानाच्या पहिल्या पत्रातही आहे की आपण प्रीती करतो, कारण त्याने आधी आपल्यावर प्रीती केली. तेव्हा प्रीतीला अट नाही, पण प्रीती कोणाच्या गळ्यात बांधता येत नाही. ज्याला ती नकोच असेल त्याच्यावर तिची सक्ती केली, तर ती प्रीती राहत नाही.

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर तरुणपणी संन्यासी असताना उपास, जागरणे आणि पापकबुली करून थकून गेला होता. इतके करूनही देव आपल्यावर प्रसन्न झाला की नाही, हे त्याला कळेना. रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगले की देवाचे नीतिमत्त्व ही आपल्याला दिली जाणारी देणगी आहे, तेव्हा त्याला स्वर्गाची दारे उघडल्यासारखे वाटले. मात्र याच ल्यूथरने 'क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे' असे सांगणाऱ्या याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली, आणि तिथे त्याचा तोल गेला असे माझे मत आहे. याकोब आणि पौल भांडत नाहीत. झाड कशाने जगते हे पौल सांगतो, आणि जिवंत झाड कसे ओळखायचे हे याकोब.

वसईकर:

मी वसईचा कॅथलिक आहे. नगरच्या सरांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टी मलाही मान्य आहेत, आणि अशी संमती आज देता येते यामागे मोठा इतिहास आहे. याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातली ख्रिस्तसभा दुभंगली. त्यानंतर 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, असा त्यातील मध्यवर्ती कबुलीचा आशय आहे.

कॅथलिक लोक पुण्य साठवून स्वर्ग विकत घेतात, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या ख्रिस्तसभेच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 मध्येच सांगून ठेवले आहे की मनुष्य नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो वा कर्म, त्या कृपेची कमाई करू शकत नाही. आमचा भर वेगळ्या ठिकाणी आहे. कृपा माणसाला बाहेरून निर्दोष ठरवून थांबत नाही, ती त्याला आतून बदलते, आणि या बदलात माणसाने साथ द्यायची असते; म्हणून बाप्तिस्मा, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद असे संस्कार आयुष्यभर चालू राहतात. त्यामुळे सिस्टरांची सेवा मी फळ म्हणेन आणि वाटही म्हणेन, कारण प्रीती करता करताच माणूस प्रीती पेलायला शिकतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते भुकेल्याला अन्न दिले का, आजाऱ्याचा समाचार घेतला का, एवढेच. आणि ज्यांनी हे केले ते चकित होऊन म्हणतात की प्रभो, आम्ही तुला आजारी कधी पाहिले? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नसतो.

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी माझ्या आजोबांची निवड झाली. ते पानवेलीच्या वाडीत राबणारे, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. आदल्या रात्री त्यांनी पाय दगडाने घासघासून धुतले आणि तरीही सकाळी म्हणाले की दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. फादरांनी त्यांच्या टाचेवरून पाणी सोडून टॉवेलने पाय टिपले, तेव्हा आजोबांची मान खालीच होती. घरी आल्यावर म्हणाले, "दुसऱ्याचे पाय धुवायला सांगितले असते तर सोपे होते." योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्यांच्यातल्या पेत्राचे हेच झाले होते. तो पाय मागे घेतो आणि येशू त्याला सांगतो की मी तुला धुतले नाही तर तुला माझ्यात वाटा नाही. सेवा करणे कष्टाचे आहे, पण सेवा करवून घेणे, तीही आपल्या भेगांसकट, हे त्याहून कठीण आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे विश्वास या शब्दाचा गाभा तिथेच आहे. लिझ्यूची संत तेरेसा चोवीसाव्या वर्षी क्षयाने वारली. त्याच्या दोन वर्षे आधी, 1895 च्या जून महिन्यात, तिने एका प्रार्थनेत लिहिले होते की आयुष्याच्या संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी तुझ्यापुढे उभी राहीन, कारण माझी कृत्ये मोज असे मी तुला म्हणत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल: कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये असे शिकवले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची सुवार्ता कळलेली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीने त्याची इच्छा ओळखून कृपेच्या प्रेरणेने तसे वागतात, त्यांनाही शाश्वत तारण मिळू शकते. ते तारणही ख्रिस्ताद्वारेच होते अशी आमची श्रद्धा आहे. सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे यावर एकमत नाही, हेही सांगायला हवे.

भीमातीर:

या चर्चेत पंडिता रमाबाईंचे नाव यायला हवे, कारण हा प्रश्न त्यांनी आयुष्यात भोगलेला आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरली. व्रते, उपवास, दानधर्म यांत त्या कुटुंबाने काही बाकी ठेवले नव्हते, आणि दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व बहीण उपासमारीने गेले. पुढे 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. मधल्या काळात त्या प्रार्थना, वाचन, समाजकार्य सगळे करत होत्या. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदनही सुरू झाले होते. तरी मनाला शांती नव्हती, कारण एक कर्मकांड जाऊन त्याच्या जागी दुसरे आले होते. आपल्याला फक्त स्वीकारायचे आहे, हे समजल्यावर त्यांचे ओझे उतरले.

तारण फुकट मिळते असे कळल्यावर माणूस हात जोडून स्वस्थ बसेल, अशी भीती नेहमी व्यक्त केली जाते. रमाबाईंच्या बाबतीत काय घडले ते केडगावला जाऊन पाहता येते. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि विधवा त्यांनी स्वतः जाऊन आणल्या, त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छापखाना उभा केला, आणि शेवटच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्या वारल्या तोवर हे काम चालू होते. ओझे उतरलेला माणूस किती काम करू शकतो, हे मला त्यांच्याकडून कळते.

गोदाकाठ:

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मी ऋणी आहे. कीर्तनात ऐकलेला एक दृष्टांत आठवला. दक्षिणेकडच्या वैष्णवांमध्ये यावर दोन पक्ष आहेत म्हणतात. माकडिणीच्या पिल्लाला आईला घट्ट धरून राहावे लागते. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. तुमची कृपा मांजरीच्या बाजूची दिसते. आणि तुकोबांनीही मुक्ती नको म्हणून संतांचा संग मागितला, त्यामुळे तारण म्हणजे कुठेतरी पोहोचणे नसून कोणाच्या तरी सोबत असणे, असे म्हटले तर मला ते परके वाटत नाही.

पण मग क्रूस कशासाठी? देवाची प्रीती एवढी अपार असेल तर त्याने नुसती क्षमा करून टाकावी. त्यासाठी पुत्राचा जीव का जावा?

नगरी शिक्षक:

ल्यूथर नक्कीच मांजरीच्या बाजूने बसला असता, आणि वसईकरांनी सांगितलेली साथ माकडाच्या पिल्लाची थोडीफार आठवण करून देते. मात्र दोन्ही दृष्टांतांत आईला काही सोसावे लागत नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका त्याविषयी आहे.

यावर विद्वानांनी शतकानुशतके लिहिले आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने ऋण आणि फेड या अंगाने उत्तर दिले, तर त्याच्यानंतर आबेलार्डने क्रूसावरची प्रीती पाहून माणसाचे मन कसे वळते यावर भर दिला. मला मात्र हे घरात कळले. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. धाकट्या काकांनी एका पतसंस्थेतून कर्ज घेतले तेव्हा वडील जामीन राहिले. काकांचा धंदा बुडाला, त्यांनी हप्ते सोडले आणि आमच्याकडे यायचेही सोडले. सहा वर्षे वडिलांच्या पगारातून रक्कम कापली जात होती. त्या काळात आईच्या गळ्यातली बोरमाळ गेली, माझी सायकल घ्यायची राहिली. वडिलांनी काकांना पहिल्याच महिन्यात मनातून क्षमा केली होती, हे मला ठाऊक आहे. पण क्षमा केल्याने कर्ज नाहीसे झाले नाही, फक्त ते कोणी सोसायचे हे ठरले. सहाव्या वर्षीच्या नाताळात वडील स्वतः करंज्यांचा डबा घेऊन काकांच्या घरी गेले. काका दारातच रडू लागले.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा 'जामीन' म्हटले आहे. हे वचन मी वडिलांना आठवल्याशिवाय वाचू शकत नाही. क्रूसाकडे पाहताना एक चूक मात्र टाळायला हवी. रागावलेल्या पित्याने निरपराध पुत्राला शिक्षा दिली आणि मग तो शांत झाला, असे चित्र कधी कधी प्रवचनांतूनही रंगवले जाते. ते अपुरेच नव्हे, तर घातक आहे. देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे पौल लिहितो. दुखावलेल्यानेच दुखणे पत्करले.

गोदाकाठ:

सर, तुमच्या काकांची गोष्ट वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट आज वाचून काढली. धाकटा आपला वाटा घेऊन उधळतो, परततो तेव्हा बाप मेजवानी घालतो, आणि घरी राबलेला थोरला रागावून आत जात नाही. मला धाकटा मुलगा समजला, पण मी अडकलो थोरल्यापाशी. माझा धाकटा भाऊ परदेशात असतो. आईच्या आजारपणात तो दोनदाच आला. शेवटच्या आठवड्यात तो आला तेव्हा आईचा चेहरा असा उजळला की तसा तो माझ्यासाठी कधी उजळलेला मी पाहिला नव्हता. सिस्टर तेव्हा खोलीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता माझ्या हातातले भांडे घेतले. दफनविधीच्या वेळी ते वाक्य मला का बोचले, हे आता ध्यानात येते. कष्टांचा हिशेब मी सिस्टरांचा मागत नव्हतो.

नगरी शिक्षक:

दादा, ती गोष्ट पुन्हा एकदा, अगदी सावकाश वाचा. धाकट्याने परतताना एक भाषण तयार केलेले असते: मी पुत्र म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. बाप धावत येऊन गळ्यात पडतो, आणि मोलकऱ्याचे वाक्य उच्चारायच्या आत झगा, अंगठी, जोडे आणण्याचा हुकूम सोडतो. थोरला बाहेर अंगणात उभा राहून म्हणतो की इतकी वर्षे मी तुमची चाकरी करत आलो. म्हणजे धाकट्याला जे व्हावे लागले नाही, ते थोरला इतकी वर्षे घरात राहून स्वतःला समजत होता.

पण बहुतेकांच्या नजरेतून एक ओळ निसटते. त्या दिवशी बाप दोनदा घराबाहेर पडतो. एकदा धाकट्यासाठी रस्त्यावर, आणि दुसऱ्यांदा, आत मेजवानी चालू असताना, पाहुण्यांना सोडून थोरल्याची समजूत घालायला. तो त्याला रागावत नाही. त्याला 'बाळा' म्हणतो आणि सांगतो की तू नेहमीच माझ्याजवळ आहेस, आणि माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे. थोरला आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही. गोष्ट संपते तेव्हा बाप त्याच्यापाशी अंगणातच उभा आहे.